सहा पूर्णांक एक

पाकिटावर विजेची रेघ काढली आहे,
खाली ठळक: शंभर एमबी, सेकंदाला.
'पर्यंत' हा शब्द मुंगीएवढा,
बारकोडच्या बुडाशी.

कवडूजी गहाणे म्हणाले,
"बजारातून घेतला. अडीचशे सांगे, एकशे नव्वदले देल्ला.
शेवटच्या नाटकाची रात भरून द्या बाई याच्यात.
चार-दहाची कुरखेडा गाडी हाय."

तीन अंक, तीन फायली, मिळून साडेनऊ जीबी.
भिंतीवर तीन पस्तीस.

मी आधी मोजते. पेनड्राइव्ह कुणाचाही असो.
वडशात यावरून मला हसतात.
बरोबर एक जीबीची एक फाइल ठेवली आहे त्यासाठी,
धानाच्या घरी पायली असते तशी:
आत काही नाही, नुसतं माप.

कॉलेजातलं खो-खोचं स्टॉपवॉच काढलं.
टिक्.
पहिल्या दमाला तीस. कवडूजी खूश.
मग अकरा.
मग सहावर येऊन बसला,
सहावरच बसून राहिला
चढावर बैल थांबतो तसा.

"आता कावून थांबला?"
म्हटलं, थांबला नाही, हाच त्याचा खरा वेग.
सुरुवातीला पटापट तोंडात कोंबून घेतो,
गिळायला वेळ लागतो.

दोन मिनिटं अठ्ठेचाळीस.
(एवढा वेळ मी डावात एकदाच टिकले होते, आरमोरीला.)
एक हजार चोवीस भागिले एकशे अडुसष्ट.
सहा पूर्णांक एक.
साडेसव्वीस मिनिटं लागतील, बसा.

ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे,
बत्तीस वर्षं विंगेत उभे राहिल्यासारखे.
प्रॉम्प्टर होते ते.
"असेच रायतात बाई नट.
पहिल्या अंकात पानभर वाक्य एका घासात घेतील,
दोन वाजले का शब्द-शब्द द्या लागते.
पोस्टरवर 'धडाकेबाज' लिवून रायते.
कोणाचा किती वेग, ते आमालेच मालूम."

रात्री दहाला पडदा, पहाटे पाचला भैरवी.
सात तासांची ती रात्र
साडेसव्वीस मिनिटांत चालली होती
आणि हळू म्हणत होतो आम्ही तिला.

कॉपी चालू असताना फाइल उघडायची नाही,
दारावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे.
उघडली.
हेडफोन लावला. दुसरा अंक. दारूच्या गुत्त्याचा सीन.
नायक ओरडतो, "आई, मी परत आलो!"
आणि त्याच्या अर्धा सेकंद आधी
ऑर्गनच्या खालून, पत्र्याच्या मागून,
कुणाला काही मागायचं नसावं अशा आवाजात:
आई, मी परत आलो.
पुढचं वाक्य. आधी तेच, कोरडं, बारीक.
मग रडणं, मग टाळ्या.
टाळ्या नेहमी दुसऱ्यांदा म्हटलेल्याला.

हेडफोन त्यांच्या कानाला लावला.
खूप वेळ काही बोलले नाहीत.
"माइक लयच जवळ ठेवला होता वाट्टे त्यायनं,"
म्हणाले, चूक पकडल्यासारखं.

चार वाजून सहा. हिरवी पट्टी भरली,
खिडकी आपोआप मिटली.
पेनड्राइव्हचा निळा दिवा मात्र लुकलुकत होता.
स्टँडवरून गाडीचा हॉर्न आला.
मला वाटलं, आता उपसतील.
माझा हात मध्ये टाकायला मी निघाले,
तर त्यांचाच हात आडवा आलेला.

"थांबा. शेवटचं वाक्य देल्लं का
लगेच पडदा पाडाचा नसते.
त्याले बोलू द्या लागते."

दिवा विझला, चार वाजून आठ.
खिशात टाकून, वर रुमाल दाबून
ते पळाले. सत्तरीच्या माणसाच्या मानाने बरे पळाले.
पैसे राहिले. त्यांचेही, माझेही सुचायचे.

वहीत लिहिलं: गहाणे, चौसष्ट जीबी, ६.१.
मग ते खोडून ५.८.
मध्ये मी ऐकत बसले होते.